अर्धा गुंठा बागायत

पीक कर्जाच्या टेबलामागे बसून मी सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच भेंडीचं भवितव्य ठरवलेलं आहे. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं, हे जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. ते कोष्टक माझ्या टेबलाच्या काचेखाली असायचं. ऊस, आलं, सोयाबीन, टोमॅटो, कशावरही बोट ठेवायचा अवकाश, खर्च किती, उत्पन्न किती, परतफेड कधी, सगळं मला तोंडपाठ. अधूनमधून पाहणीला जायचो. जीप रस्त्यावर, बूट बांधावर, नजर पिकावर आणि मन शेतकऱ्याच्या घरी शिजणाऱ्या पिठल्यावर. परत आलो की रजिस्टरात लिहायचं, 'पीक समाधानकारक'. तसं नसलं तर समोरच्याला विचारायचं, "का बरं?" तो बिचारा केवडा म्हणायचा, बोकड्या म्हणायचा, फळमाशी म्हणायचा, गारा म्हणायचा. मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचो. या बघण्याला बँकेत अनुभव म्हणतात.

असा अनुभवी माणूस निवृत्त झाला की घरातल्यांनी सावध राहावं. आमच्या घरातले राहिले नाहीत.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, उतारावर. मागे परस आहे. त्यात शेवग्याचं एक झाड, कढीपत्ता, मोरीच्या तोंडाशी आईचं अळू आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी. फेब्रुवारीत मी फीत घेऊन परस मोजलं. 540 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे साडेचार फुटांनी कमी असा अर्धा गुंठा. इतकी जमीन पडीक ठेवणं माझ्या पेशाला शोभणारं नव्हतं. मी आलेख कागदावर आराखडा काढला. भेंडी, गवार, मिरची, टोमॅटो, काकडी, कोथिंबीर आणि दोरीच्या पलीकडे मांडवावर दुधी. मग कोष्टकातलं हेक्टरी उत्पन्न घेऊन त्याला दोनशेने भागलं. उत्तर दोन क्विंटलांच्या वर आलं.

"दोन क्विंटल भाजी खाणार कोण?" बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी लगेच कराडच्या बहिणीला फोन लावला. म्हटलं, मे महिन्यात भाजी विकत घेऊ नकोस, रिकाम्या पिशव्या घेऊन ये. पुण्याला मेहुण्याला तेच सांगितलं. विपणनाची व्यवस्था आधी, पीक मागून, असा सल्ला मी आयुष्यभर दिलेला होता.

बायकोची एकच अट होती. दोरी हलणार नाही. तिची तिथली वहिवाट माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहे आणि वहिवाटीच्या दाव्यात सहसा कोण जिंकतं हे मला कागदोपत्री ठाऊक होतं. मी माघार घेतली. आईने आराखडा हातात घेऊन उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि "माझ्या अळवाला पाय लावायचा नाही" एवढंच म्हणाली.

खणायला सुरुवात केली तेव्हा कळलं की आमच्याकडे माती नाहीच. वर बोटभर माती, खाली मुरूम आणि मुरमात घर बांधणाऱ्याने पुरून ठेवलेला राडारोडा. टिकाव मारला की 'खण्ण' असा आवाज यायचा आणि कौलाचा तुकडा, विटेचा अर्धुक, फरशीचा कोपरा असं काहीतरी वर यायचं. एकदा आमच्या लग्नातल्या सेटमधला हरवलेला चमचा निघाला. त्यावरून ज्या भांडेवालीवर तेव्हा संशय घेतला होता तिची बायकोने जाहीर माफी मागितली, ती बाई हयात नसताना. मी मात्र संध्याकाळपर्यंत काटकोनात वाकलेला होतो आणि रात्री आयोडेक्स लावायलाही हात मागे पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी गडी लावला. त्याची मजुरी आराखड्यात 'इतर खर्च' या सदरात टाकली. पुढे पुढे त्या सदराने बाकीची सगळी सदरं गिळली.

मग शेणखत. गोठेवाल्याकडे दोन ढीग होते. एक भुसभुशीत, काळपट, वास नसलेला, दिसायला अगदीच मरगळलेला. दुसरा ओला, हिरवट, वाफा निघत असलेला. मी ताजा माल निवडला. गोठेवाल्याने माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि भावात घासाघीस न करता टेम्पो भरून दिला. तेव्हाच शंका यायला हवी होती. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. रात्री घरातल्या माश्यांनी कुटुंबातल्या माणसांना बहुमताने हरवलं.

बियाण्याच्या बाबतीत मात्र मी तडजोड केली नाही. भेंडी 'परभणी क्रांती', गवार 'पुसा नवबहार', दुधी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'सम्राट'. नावं वाचूनच ऊर भरून यायचा. एवढा मोठा लवाजमा आमच्या मोरीपासून दहा पावलांवर येऊन राहणार होता. कोथिंबिरीला मात्र डब्यातले धणे टाकले. धणे रगडून त्यांच्या दोन फाकी करून पेरायचे असतात आणि तरीही ऐन उन्हाळ्यात कोथिंबीर धड येत नाही, वाढायच्या आत फुलाला लागते, हे धण्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

तरीही आठवड्याभरात सगळ्यात आधी उगवली ती कोथिंबीरच. नुसती उगवली नाही, तर तरारली. बारीक कातरलेली पानं, गडद हिरवा रंग. मी तिला झारीने पाणी घालायचो, मधलं गवत उपटायचो, शेजारच्या गुरुजींना कुंपणावरून दाखवायचो. गुरुजी म्हणाले, "वा, जोमदार आहे." आईला कमी दिसतं, ती म्हणाली, "वास येत नाही रे." मी म्हटलं, सेंद्रिय आहे.

आणि मग तात्या आले.

तात्या कोरेगाव तालुक्यातले. आल्याचे बागायतदार, आमच्या शाखेचे जुने खातेदार. कितीतरी वर्षं ते माझ्या टेबलासमोर टोपी मांडीवर ठेवून उभे राहायचे. मी "बसा" म्हणायचो तेव्हा बसायचे, तेही खुर्चीच्या कडेला. सातारला कोर्टाच्या कामाला आले होते, सहज घरी डोकावले. मी त्यांना मागे परसात नेलं, खुर्ची दिली. ते खुर्चीत पाठ टेकून ऐसपैस बसले. मी उभा होतो. हा बदल नेमका कोणत्या क्षणी घडला ते मला सांगता येणार नाही, पण हातातला चहाचा कप मी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे केला, हे मात्र आठवतं.

"सायेब, ह्ये काय लावलंय?" त्यांनी कोथिंबिरीकडे बोट केलं.

"कोथिंबीर."

तात्यांनी चहाचा घोट घेतला. "वड्या केल्या न्हाईत ना अजून?"

"नाही. का?"

"गाजरगवात हाय ह्ये."

मी काही बोललो नाही. गाजरगवताने, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, निम्म्या महाराष्ट्राची रानं व्यापली आहेत. अंगाला लागलं तर खाज सुटते. शेतकरी त्याच्यामागे खुरपं घेऊन लागतात. झारीने पाणी घालून आणि आजूबाजूचं तण काढून त्याची लागवड करणारा जिल्ह्यातला पहिला शेतकरी बहुधा मीच. मनगटाला दोन दिवस जी खाज सुटत होती तिचाही उलगडा झाला. बायको ती माश्यांच्या खाती जमा धरत होती.

"शेणातनं आलं आसंल," तात्या म्हणाले. "वलं शेण टाकलंय तुमी. त्यात बी तसंच ऱ्हातं. वर्सभर कुजाया लागतंय शेण, मग त्ये खत. वल्या शेणानं हुमणी हुती, मुळ्या पोळत्यात." त्यांनी वाकून एक मूठ माती उचलली, बोटांनी फोडली. आत पांढरी, जाडसर, अर्धगोल वाकलेली अळी होती. तिचं डोकं तपकिरी होतं. तात्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. "ही बगा. हुमणी." ती माझ्या हातावर आळस देत वळली. कर्जदारांच्या अर्जांतून ही हुमणी माझ्या टेबलावर किती वेळा येऊन गेली असेल. प्रत्यक्ष भेट पहिलीच. तशी ती गुबगुबीत, खाऊनपिऊन सुखी दिसत होती.

जाताना तात्या म्हणाले, "पाचट आणून टाका बुडाला. जमीन तापायची न्हाई, पानी कमी लागंल." दोन दिवसांनी त्यांनी एसटीच्या टपावरून उसाच्या पाचटाचा भारा पाठवलासुद्धा. पाणी हा नाजूक विषय होता. सातारकरांना कासच्या पाण्याचा अभिमान असतो आणि उन्हाळ्यात ते पाणी आखडतं. बायकोच्या मते कासचं पाणी पिऊन वाढलेली गवार घरच्या माणसांच्या तोंडचं पाणी पीत होती. शेवटी आंघोळीचं पाणी परसात सोडायचं ठरलं आणि मी सगळ्यांना साबण कमी लावायला सांगू लागलो. सुट्टीला आलेल्या नातीने आईला फोन करून विचारलं, "आजोबा बरे आहेत ना?"

मधल्या काळात मी जीवामृत केलं. सुभाष पाळेकरांच्या नैसर्गिक शेतीतला हा प्रकार. एकराला 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर माती. अर्धा गुंठा म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, तेव्हा अडीच लिटर पुरेसं होतं. पण अर्जात थोडं वाढवून मागायची कर्जदारांची सवय मला लागलेली असावी. मी पूर्ण बादलीभर केलं. बायको बेसनाचा रिकामा डबा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "एवढ्यात गल्लीला भजी झाली असती," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी वास असा सुटला की गल्लीनेही तेच मत व्यक्त केलं.

पण मला सांगायचंय ते दुधीबद्दल. वेल मांडवावर छान चढला, पांढरी फुलं लागली. मी रोज सकाळी मोजायचो आणि त्याला सरासरी वजनाने गुणायचो. फुलं वाढत होती, दुधी एकही धरत नव्हता. फुलं यायची, मावळायची, गळायची. फोनवर तात्यांना विचारलं. "फुलामागं बारका दुधी दिसतोय का?" म्हणाले. मी बघून आलो. नाही. नुसता लांब देठ. "मग समदी नर फुलं हायती. ऊन लई हाय, म्हणून नर फुलं जास्त येत्यात. मादी फूल आलं की वळखाल, मागं इतकुसा दुधी आसतोय. आन आलं तरी किडं न्हाईत तुमच्यात, हातानंच परागीकरण करा." तात्यांनी 'परागीकरण' हा शब्द कृषी अधिकाऱ्यांसारखा स्वच्छ उच्चारला. मी तो शब्द फॉर्मवर किती तरी वेळा लिहिला होता, कृती मात्र कधी केली नव्हती.

एके दिवशी खरंच मादी फूल दिसलं. कळीमागे अंगठ्याएवढा, लवदार, फिकट हिरवा दुधी. गंमत अशी की काकडीची फुलं सकाळी उमलतात, दुधीची मात्र संध्याकाळी, सूर्य कलल्यावर. म्हणजे परागीकरण अंधारात. मी जेवणाआधी टॉर्च घेऊन परसात गेलो. दुधीचा मांडव दोरीपलीकडे. त्या दिवशी बायकोने सगळ्या घराचे कपडे धुतले होते. आधी एक नर फूल तोडलं, पाकळ्या काढून टाकल्या, मधली परागांची दांडी तेवढी ठेवली, टॉर्च दातात धरला आणि वाळत घातलेले परकर एका हाताने बाजूला सारत मी पुढे सरकलो. मादी फूल जरा उंच होतं. दगडावर चढलो. एका हातात नर, दुसऱ्या हाताने मादी फुलाचं देठ धरलेलं, तोंडात टॉर्च आणि खांद्यावर बायकोचा ओला परकर.

"कोण आहे रे तिकडे?"

गुरुजींच्या घरात त्या दिवशी पाहुणे होते. गच्चीवर चहा चालला होता. गुरुजी, त्यांचे व्याही, विहीणबाई आणि एक लहान मुलगा, सगळे कठड्यावरून वाकून बघत होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, त्याबरोबर टॉर्च खाली पडला आणि आमचं परस अंधारात गेलं. अंधारातून मी ओरडलो, "काही नाही, नरमादीचं काम चाललंय!"

वाक्य तोंडातून निघाल्यावर मी ते परत घ्यायचा प्रयत्न केला. "दुधीचं!" म्हणालो. तोवर विहीणबाई आत गेल्या होत्या. लहान मुलगा मात्र थांबला आणि "फुलाला इंजेक्शन देताय का?" असं विचारत राहिला. त्याच्याशी झालेली चर्चा त्या संध्याकाळची एकमेव समजूतदार चर्चा होती. दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो तर निवृत्तांच्या कट्ट्यावर सगळे एकदम गप्प झाले आणि मग एकाने फार सभ्यपणे विचारलं, "काय, परस कसं आहे?"

पण तो दुधी धरला. अंगठ्याचा मनगट झाला, मनगटाचा दंड. मी त्याला कागदाची पिशवी बांधली, फळमाशी बसू नये म्हणून. बाकी परसाबद्दल फार लिहावं असं नाही. मिरचीची पानं वळून आकसली, बोकड्या. टोमॅटोला फुलं आली, पण पारा पस्तिशीच्या वर गेल्यावर फळ न धरता गळून गेली. जे चार टोमॅटो लाल झाले ते बुलबुलांनी चाखून बघितले आणि तसेच ठेवले. काकडी भुरीने गेली. गवार एका भाजीपुरती आली आणि तीही चौघांत दोघांना पुरली.

भेंडी मात्र खरंच छान आली होती. दोष तिच्यात नाही, माझ्या संस्कारांत होता. कोवळी, बोटभर भेंडी मला तोडवेना. मुदत ठेव मुदतीआधी मोडायची नाही, हे मी लोकांना सांगत आलेला. वाढू दे, वजन वाढेल. भेंडी दिवसाआड तोडायची असते, हे नंतर कळलं. तोपर्यंत ती वीतभर लांब झाली होती. बायकोने विळीवर धरली तेव्हा लाकूड चिरल्याचा आवाज आला. "व्याजासकट मिळाली," ती म्हणाली आणि सगळी टोपली माझ्या पुढ्यात ठेवली.

नात तिच्या फोनवर माझ्या पिकाचे फोटो काढत असे. सरकारने 2021 साली ई-पीक पाहणी आणली, शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद फोनवरून स्वतःच करायची, हे मी तिला मोठ्या कौतुकाने समजावलं होतं. तिने एक तक्ता करून फ्रिजवर लावला. पिकाचे नाव : टॉवेल, चादरी, परकर. लागवडीखालील क्षेत्र : पूर्ण. पिकाची स्थिती : वाळलेली.

मग मेच्या सुरुवातीला वळीव आला. दुपारपर्यंत नुसता उकाडा, चारला ढग, साडेचारला वारा, मग टपोरे थेंब आणि पाठोपाठ गारा. पंधरावीस मिनिटांचा खेळ. मी खिडकीतून बघत होतो. मांडवाचे बांबू एका बाजूला झुकले, सुतळी तुटली आणि अख्खा वेल दोरीवरच्या चादरींना मिठी मारून खाली आला. बायको धावली ती चादरींकडे. मी पावसात उभा राहून मोठमोठ्याने म्हणत होतो, "गारा! गारा पडल्या!" जणू कोणीतरी रजिस्टर घेऊन माझ्यासमोर उभं होतं आणि चष्म्यावरून बघत होतं.

पाऊस थांबल्यावर आई काठी टेकत मागच्या दारात आली. तिच्या लहानपणी तिचे वडील गावच्या पैसेवारीच्या वेळी तलाठ्याबरोबर फिरायचे. पन्नास पैशांच्या खाली आली की दुष्काळ, हे तिला अजून पक्कं आहे. तिने परसावरून नजर फिरवली. आडवी भेंडी, झोडपलेली मिरची, चिखलात गेलेला मांडव. मोरीजवळ अळू धुऊन निघून चमकत होतं.

"सहा पैसे," ती म्हणाली. "त्यातले पाच अळवाचे."

दुधी मात्र वाचला होता. भिंतीच्या आडोशाला, कागदाच्या पिशवीत, एकटा. त्याच रविवारी बहिणीचा फोन आला, उद्या येते म्हणून. चार पिशव्या आणते म्हणाली, कमी तर नाही पडणार? आम्ही दुधी काढला. भाजी, कोफ्ते की हलवा, यावर घरात मतभेद झाले. कडू दुधी विषारी असू शकतो, त्याचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या बातम्या येत असतात. म्हणून बायको दुधी चिरण्याआधी देठाकडची चकती जिभेला लावून बघते. तिने लावली. तोंड वाकडं केलं. मग मी लावली. उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडला की दुधी कधीकधी कडू निघतो, हे तात्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी मी फक्त बेसिनकडे धावलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कट्ट्यावरचे लोक फिरायला निघायच्या आत, मी मागच्या दाराने मंडईत गेलो. भेंडी, गवार, काकडी, दुधी. भाजीवाली सवयीने चांगला, सरळ, तुकतुकीत दुधी काढून देऊ लागली. मी म्हटलं, "एवढा देखणा नको. जरा वाकडा बघा. डाग असला तर उत्तम. काकडीपण एकसारखी नको, घरची वाटली पाहिजे."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, गोठेवाल्याने पाहिलं होतं तसंच. मग पाटीच्या तळातून एक बाकदार, खरचटलेला दुधी काढून तागडीत ठेवला. "तीस."

मी म्हटलं, "वाकडा आहे, वीस लावा."